बाग सगळ्यांची, मग परवानगी कुणाची?

"आपल्याच बागेत गाणं म्हणायला परवानगी कशाला लागते हो?"

आमच्या सकाळच्या फिरणाऱ्यांच्या कट्ट्यावर हा प्रश्न दर नवरात्रात निघतो, कारण नवरात्र आले की दिवाळी पहाटेचे बेत सुरू होतात. नाट्यगृह नको, पासांसाठी वशिले नकोत, कोपऱ्यावरच्या बागेतच करू, असे कुणीतरी म्हणतो. पेटी घरची, तबला घरचा, गाणाऱ्या दोघीतिघी कट्ट्यावरच्याच. दोनशे खुर्च्या, दोन स्पीकर, शेवटी चहा आणि फराळ. बेत असा रंगात आलेला असताना एक निवृत्त गृहस्थ उद्यान विभागात चौकशी करून येतात आणि खिशातून सात कागदांची यादी काढतात. त्या सकाळी चालणे राहते बाजूला आणि महापालिकेचा यथास्थित उद्धार होतो.

मीही त्या उद्धारात पुष्कळ वर्षे सूर मिसळला. मग एका वर्षी अर्ज घेऊन फिरण्याची पाळी माझ्यावर आली. चार टेबले हिंडल्यावर लक्षात आले, की यादीतला एकेक कागद त्या बैठकीला हजर नसलेल्या कुणाची तरी बाजू मांडत असतो. समोरच्या इमारतीत रात्रपाळी करून झोपलेला माणूस, त्याच हिरवळीवर रोज योगासने करणाऱ्या आजी, घसरगुंडीसाठी आलेले पोर, गेटातून आत यायचा असलेला अग्निशमन बंब. हे लोक अर्ज करत नाहीत. त्यांच्या वतीने कागद बोलतात, आणि अर्थातच सरकारी मराठीत बोलतात. ती भाषा एकदा कळली की यादीची धास्ती बरीच कमी होते. टेबलांची कमी होत नाही, हेही खरेच.

१. आधी हे पाहा: बाग की मैदान?

बोलताना आपल्याला पार्क, बाग, ग्राउंड सगळे सारखेच. नगररचना विभागाला तसे नाही. प्रत्येक शहराचा एक विकास आराखडा असतो. पुढच्या साधारण वीस वर्षांत कुठल्या तुकड्यावर काय असेल, हे सांगणारा तो नकाशा. त्यात एखाद्या भूखंडावर 'उद्यान' असे आरक्षण असते, एखाद्यावर 'खेळाचे मैदान', एखाद्यावर 'मनोरंजन मैदान'. स्वयंपाकघरातल्या फडताळातले डबे आठवा. पाचही डबे एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. पण एकावर मीठ लिहिलेले आहे आणि एकावर पिठीसाखर. चिठ्ठी न वाचता हात घातला की दिवाळीच्या करंज्यांचे काय होते, हे सांगायला नको.

मैदान खेळासाठी राखलेले आहे, तर तिथे सभा, प्रदर्शन किंवा गाण्याचा कार्यक्रम म्हणजे कायद्याच्या भाषेत 'वापरात तात्पुरता बदल'. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधले कलम ३७-अ अशा बदलाला वाट करून देते, पण वर्षातून मोजक्याच दिवसांसाठी. चिठ्ठी मिठाचीच राहते. चार दिवस डब्यात साखर ठेवायची, डबा धुऊन पुन्हा मीठ भरायचे. म्हणूनच एखाद्या मैदानाचे 'यंदाचे दिवस संपले' असे उत्तर मिळते. ते टोलवाटोलवीचे असेलच असे नाही. खरोखर संपलेले असू शकतात.

उद्यानाचे प्रकरण आणखी नाजूक. तिथे हिरवळ असते, वाफे असतात, मुलांची खेळणी असतात. बहुतेक ठिकाणी हिरवळीवर मांडव घालू देत नाहीत. बागेत खुला रंगमंच किंवा फरसबंद चौक असेल तर तेवढ्यापुरते बोला, असे सांगतात. आमच्या बागेत सुदैवाने असा एक अर्धगोल पायऱ्यांचा रंगमंच होता. वर्षभर त्यावर मांजरे ऊन खात असत.

जागा कुणाच्या ताब्यात आहे, हेही आधीच विचारून घ्यावे. तीच हिरवळ महापालिकेची असू शकते, म्हाडाची, जिल्हाधिकाऱ्यांची, कटक मंडळाची किंवा एखाद्या प्राधिकरणाची. मुंबईत दादरचे शिवाजी पार्क महापालिकेकडे, तर वांद्रे-कुर्ला संकुलातले मोठे मैदान एमएमआरडीएकडे. चुकीच्या दारात दिलेला अर्ज परत यायला तीन आठवडे लागतात, आणि तोवर दिवाळी होऊन गेलेली असते.

२. महापालिका मालक की विश्वस्त?

"कर आम्ही भरतो, म्हणजे बाग आमची." बरोबर. पण 'आमची' म्हणजे कट्ट्यावरच्या अकरा जणांची नव्हे. गावच्या देवळाचे विश्वस्त जसे देवाच्या जमिनीचे मालक नसतात, राखणदार असतात, तशीच महापालिका बागेची विश्वस्त. देवळाची जमीन विश्वस्ताला आपल्या मेव्हण्याला देता येत नाही, आणि बाग नगरसेवकाला आपल्या मंडळाला.

ही नुसती उपमा नाही. सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावून निकाल दिले आहेत. लखनौच्या अमीनाबादेत झंडेवाला पार्क नावाची जुनी बाग आहे. तिथल्या नगर महापालिकेने एका बांधकाम कंपनीशी करार करून बागेच्या पोटात भुयारी बाजार बांधायला घेतला. वर बाग राहीलच की, असा युक्तिवाद होता. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पाडून बाग पूर्ववत करायला लावली. महापालिका या जागेची विश्वस्त आहे, ती अशी देऊन टाकता येणार नाही, हा त्यातला गाभा. त्याआधी १९९१ मध्ये बंगळूरच्या एका वसाहतीत बागेसाठी राखलेला भूखंड खासगी शुश्रूषागृहाला देण्याचा निर्णय याच न्यायालयाने अमान्य केला. रुग्णालय चांगलेच काम करते, पण म्हणून ते बागेची जागा घेऊ शकत नाही.

आपला तीन तासांचा कार्यक्रम आणि भुयारी बाजार यांची तुलना हास्यास्पद वाटेल. परंतु अर्जावरची ती रटाळ हमीपत्रे याच मुळातून फुटलेली असतात. प्रवेश सर्वांना खुला राहील. कायमचे बांधकाम करणार नाही. खड्डे खणणार नाही. झाडांना खिळे ठोकणार नाही. शेवटच्या अटीमागे महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी वृक्षसंरक्षण कायदाही उभा आहे. दिव्यांच्या माळा झाडाला गुंडाळण्याची हौस मांडववाल्यांना फार. त्यांना आधीच सांगून ठेवावे.

३. पोलीस कुठून आले मध्ये?

उद्यान विभागाने 'ना हरकत' दिली म्हणजे काम झाले, असे पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला वाटते. ना हरकत म्हणजे परवानगी नव्हे. 'आमच्यापुरती आमची आडकाठी नाही' एवढाच तिचा अर्थ. घरमालकाने हॉल भाड्याने दिला तरी सोसायटीने लिफ्ट द्यायची की नाही, हा प्रश्न उरतोच. जागेचा प्रश्न महापालिकेचा. गर्दीचा, रस्त्याचा आणि ध्वनिक्षेपकाचा प्रश्न पोलिसांचा.

यावर कट्ट्यावरचा ठरलेला आक्षेप: "राज्यघटनेने आम्हाला जमण्याचा हक्क दिला आहे ना?" दिला आहे. अनुच्छेद १९(१)(ख): शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. त्याच अनुच्छेदाचा तिसरा खंड सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी 'वाजवी निर्बंध' घालू देतो. सगळी भांडणे 'वाजवी' या एका शब्दाभोवती होतात.

१९७२ चे एक प्रकरण इथे फार उपयोगाचे आहे. अहमदाबादेत हिंमतलाल शाह यांनी सार्वजनिक रस्त्यावर सभेची परवानगी मागितली. पोलिसांनी नाकारली. तिथला नियम असा, की परवानगीशिवाय सभा नाही. पण परवानगी कधी द्यायची आणि कधी नाकारायची, याबद्दल नियम मूग गिळून गप्प. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो नियम रद्द केला. सभांचे नियमन करा, वेळ ठरवा, मार्ग ठरवा. पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर सगळे सोपवून हक्कालाच कुलूप लावू नका, असा त्याचा आशय. उलट बाजूला १९६९ चा रेल्वेचा निकाल आहे: बोलण्याचा हक्क आहे म्हणून दुसऱ्याच्या ताब्यातल्या आवारात घुसून सभा घेण्याचा हक्क मिळत नाही. आपली बाग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की नकार मिळाला तर तो लेखी मागावा आणि कारण मागावे. "वरून नाही म्हणालेत" हे कारण नाही. 'त्याच दिवशी त्याच जागी दुसऱ्याला आधी परवानगी दिलेली आहे' हे कारण आहे. 'शेजारच्या शाळेत परीक्षा आहे' हेही आहे. आणि जमावबंदीचा आदेश निघाला असेल तर तो वाचून पाहावा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालचा असा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपुढे चालत नाही. गाण्याच्या कार्यक्रमाला त्यातून परवानगीने सूट मिळू शकते, ठाण्यात जाऊन विचारले तर.

मोर्चा-उपोषणाचे गणित निराळे. मुंबईत त्यासाठी आझाद मैदान ठरलेले आहे, आणि अटीही निराळ्या. ऑगस्ट २०२५ मधल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला सुरुवातीला मिळालेली परवानगी एका दिवसाची होती: ५,००० माणसे आणि संध्याकाळी ६ पर्यंतची मुदत. प्रत्यक्षात आंदोलन पाच दिवस चालले आणि मामला उच्च न्यायालयात गेला. दिवाळी पहाटेवर इतका प्रसंग येऊ नये.

४. शिवाजी पार्कचे ४५ दिवस

आतापर्यंतच्या सगळ्या संकल्पना एका जागी पाहायच्या असतील तर दादरला उतरावे.

१९२५ च्या सुमारास मुंबई महापालिकेने हे मैदान लोकांसाठी खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथल्या, क्रिकेटची नेट इथली, आणि मैदानाला वेढणाऱ्या कट्ट्यावरच्या गप्पाही इथल्याच. १९६६ पासून शिवसेनेचा दसरा मेळावा इथे भरू लागला. सुमारे २८ एकरांची ही जागा क्रिकेटवाल्यांना आपली वाटते, पक्षांना आपली वाटते, आणि खिडक्या मैदानाकडे उघडणाऱ्या रहिवाशांना तर ती घराचाच भाग वाटते.

रहिवासी आवाजाला कंटाळून न्यायालयात गेले. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे मैदान शांतता क्षेत्र ठरवले. मग खेळाखेरीज इतर कार्यक्रमांचे काय? २० जानेवारी २०१६ च्या शासन आदेशाने त्यासाठी वर्षातले ४५ दिवस ठरवून दिले. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन अशा मोठ्या प्रसंगांचे दिवस आणि त्यांच्या तयारीचे दिवस त्यातूनच जातात. दसरा मेळाव्याचा दिवसही त्या यादीत आहे. उरलेल्या ३२० दिवसांत मैदान मैदानच राहायचे.

२०२२ मध्ये या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. शिवसेनेत फूट पडलेली. उद्धव ठाकरे यांच्या गटाने ऑगस्टमध्ये अर्ज केला, एकनाथ शिंदे यांच्या गटाकडूनही अर्ज आला. पोलिसांचा अहवाल आला, की कुणालाही परवानगी दिली तरी सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहील. महापालिकेने दोघांनाही नकार दिला. वरवर पाहता यापेक्षा न्याय्य काय असणार? दोन मुले एका खेळण्यासाठी भांडली की आई खेळणे माळ्यावर टाकते, तसे.

उच्च न्यायालयाला हा आईचा न्याय पटला नाही. २३ सप्टेंबरला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ठाकरे गटाला परवानगी दिली. वर्षानुवर्षे त्याच दिवशी, त्याच जागी मेळावा होत आला आहे. दिवस शासनाच्या यादीतला आहे. गोंधळाची नुसती शक्यता दाखवून नकार देणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. सोबत अटही घातली: पोलिसांनी चित्रीकरण करावे, आणि गडबड झाली तर पुढच्या वेळी परवानगी देताना ती विचारात घेतली जावी. शिंदे गटाचा मेळावा ५ ऑक्टोबरला वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. मैदान दुसरे, मालक दुसरा, अर्जही दुसऱ्या दारात.

या प्रकरणात राजकारण भरपूर होते, त्यामुळे त्यातला कारकुनी धडा झाकला गेला. जुन्या परवानग्यांच्या प्रती, पोच-शिक्क्याचा अर्ज आणि शासनाच्या यादीतला दिवस, यांवर ती बाजू उभी होती. तेव्हापासून आमच्या कट्ट्याच्या फाइलमध्ये मी प्रत्येक वर्षीचे परवानापत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवतो. लोक हसतात. हसोत.

५. पहाटेची गोम: आवाजाचा हिशेब

दिवाळी पहाट पाच वाजता सुरू व्हायला हवी, अभ्यंगस्नान करून, अंधार असताना, यावर आमच्याकडे एकमत होते. ठाण्यातल्या हवालदारांनी अर्जावरचा '५' खोडून '६' केला. कारण विचारल्यावर म्हणाले, "साहेब, पाच म्हणजे रात्र."

चेष्टा नव्हती ती. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. रात्री उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार सूट देऊ शकते. गणपती, नवरात्र वगैरेंचे दिवस त्यातूनच ठरतात. पण ती सूट रात्री १० ते १२ ची आहे. पहाटेची नाही. पंचांगातला ब्राह्ममुहूर्त या नियमांच्या हिशेबी मध्यरात्रीइतकाच काळोखा. स्पीकरविना पाच वाजता गायला कुणी अडवत नाही, आणि खरे सांगायचे तर पहाटेची पेटी स्पीकरविनाच जास्त गोड लागते. आम्ही तसेच केले: पहिला तास नुसत्या गळ्याने, सहाला स्पीकर.

आता आकडे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे एकक भूकंपाच्या रिश्टरसारखे आहे, किलोसारखे नाही. साठ किलो हे तीस किलोच्या दुप्पट. पण ६० डेसिबल हे ३० च्या दुप्पट नव्हेत. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. सारखाच दुसरा स्पीकर शेजारी ठेवला तर आकडा दुप्पट होत नाही, फक्त ३ ने वाढतो.

परिसरासाठी दिवसाच्या मर्यादा अशा आहेत: औद्योगिक भाग ७५, व्यापारी ६५, निवासी ५५, शांतता क्षेत्र ५०. रात्री यातून निवासी भागासाठी ४५ आणि शांतता क्षेत्रासाठी ४० उरतात. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर शासनाने तसे जाहीर केलेले असावे लागते. आपली बाग अशा जाहीर क्षेत्रात असेल तर स्पीकरचा विषय तिथेच संपतो.

नसेल तर पुढचा नियम लागू होतो. स्पीकरचा आवाज कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर मोजतात. तिथे तो परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून जास्त नको, किंवा ७५ पेक्षा जास्त नको. या दोहोंतला कमी आकडा धरायचा. बाजारपेठेत ६५ अधिक १०, म्हणजे ७५. कारखान्यांच्या भागात ७५ अधिक १० म्हणजे ८५ होतात, पण वरचे छत ७५ चे, म्हणून ७५ च. आमची बाग निवासी भागात: ५५ अधिक १०, म्हणजे ६५.

हे ६५ बागेत कसे बसवायचे? उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. तळ्यात खडा टाकल्यावर वर्तुळ पसरते आणि लाट विरत जाते, तसे. समजा स्पीकरपासून १ मीटरवर ९५ डेसिबल भरले. २ मीटरवर ८९, ४ वर ८३, ८ वर ७७, १६ वर ७१ आणि ३२ मीटरवर ६५. म्हणजे एकच स्पीकर असेल तर तो कुंपणापासून निदान ३२ मीटर आत हवा. दोन जवळजवळ ठेवले तर ३ वाढले, आणि अंतर साधारण ४५ मीटर लागले. भिंतीवरून परतणारा आवाज यात धरलेला नाही. समोर सहा मजली इमारत असेल तर तोही येणारच.

आमचा रंगमंच कुंपणापासून वीसच मीटरवर होता. साउंडवाला म्हणाला, "काका, आवाज कमी केला तर मागच्यांना ऐकू जाणार नाही." त्यावर उपाय त्यानेच काढला. एका मोठ्या स्पीकरऐवजी चार लहान, श्रोत्यांच्या अधेमध्ये, तोंडे बागेच्या मध्याकडे. प्रत्येकाचा आवाज कमी, पण कानापासून जवळ. एका मोठ्या दिव्याने अख्खे घर उजळायचे की प्रत्येक खोलीत एक पणती लावायची, एवढाच फरक. मोबाइलवरच्या मोजणीने कुंपणाशी ६२-६३ येत होते. मोबाइलची मोजणी न्यायालयात टिकणार नाही, पण शेजाऱ्यांच्या तक्रारीपुढे टिकली.

ध्वनिक्षेपक हा मूलभूत हक्क आहे का, यावरही निकाल आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निर्णय दिला. ध्वनिक्षेपक लावणे किंवा रस्त्यावर मांडव घालणे हा धर्माचा वा कुणाचा मूलभूत हक्क होत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. शांत झोपण्याचा हक्क मात्र जगण्याच्या हक्कात बसतो.

६. मांडव, वायर आणि बाहेर पडायची वाट

अग्निशमन दलाचा कागद लोकांना सगळ्यांत निरर्थक वाटतो. उघड्या बागेत कसली आग?

हरियाणातल्या डबवाली गावात २३ डिसेंबर १९९५ ला शाळेचे वार्षिक संमेलन होते. तात्पुरता शामियाना, कृत्रिम धाग्याचे कापड, आणि बाहेर पडायला अपुरी वाट. आग लागली, जळते कापड डोक्यांवर कोसळले आणि काही मिनिटांत ४०० हून अधिक माणसे गेली. त्यात लहान मुले फार होती. तेव्हापासून मांडवाचे कापड कसले, दारे किती, वीज कुठून घेणार, हे प्रश्न कुणी विचारले की मला ते वेळखाऊ वाटत नाहीत.

नुसती उघडी जागाही सुरक्षित नसते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा दुपारच्या उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. म्हणून मोठ्या गर्दीच्या अर्जात पाणी, सावली, रुग्णवाहिका हे रकाने असतात. मूळ नेम एकच: किती माणसे येणार, हा आकडा खरा लिहावा.

तो काढायची सोपी रीत आहे. खुर्च्या लावल्या तर माणशी साधारण एक चौरस मीटर जागा धरा. त्यात मधल्या वाटा आल्या. आमचा चौक २५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद, म्हणजे ३०० चौरस मीटर. स्टेज, साउंड आणि फराळाची टेबले यांना ८० गेले. उरले २२०. दोनशे खुर्च्या बसतात, तीनशे नाहीत. 'लोक उभे राहतील' हे उत्तर देऊ नये. उभे राहणारे नेमके दाराशीच उभे राहतात.

७. गाणे कुणाचे, नाटुकले कुणाचे, चकली कुणाची

हे तीन विषय थोडक्यात. सिनेमातली किंवा ध्वनिमुद्रित गाणी सार्वजनिक कार्यक्रमात वाजवली तर हक्कधारक संस्था परवाना मागू शकतात. हौशी मंडळाने तिकीट न लावता स्वतः गायले तर लेखनहक्क कायद्यात सवलत आहे. म्हणून 'प्रवेश विनामूल्य' हे दोन शब्द दोन कामे करतात: खुल्या प्रवेशाची हमी पाळली जाते आणि ही सवलतही मिळते.

मुलांचे नाटुकले बसवणार असाल तर एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. या मंडळाबद्दल नाट्यवाल्यांची मते फारशी छापण्याजोगी नाहीत, आणि माझीही त्यांच्यापेक्षा वेगळी नाहीत. परंतु नियम आहे. एकांकिका आधी प्रमाणित झालेली असेल तर तो क्रमांक अर्जात टाकावा.

फराळ घरचा असेल आणि फुकट वाटायचा असेल तर गोष्ट सोपी. स्टॉल लावून विकायचा तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी आली. थर्माकोलच्या ताटल्या मात्र विसरा. २०१८ पासून राज्यात बंदी आहे. आम्ही पत्रावळी आणल्या. वाऱ्याने त्या कारंज्यात गेल्या, तो भाग वेगळा.

८. अर्जाची वाट आणि अनामत

सगळे कागद एकदम मागायला निघू नये, एकामागून एक मागावेत, कारण पुढचे टेबल मागच्याचा कागद विचारते. आधी जागा: उद्यान विभाग किंवा क्षेत्रीय कार्यालय. तिथली ना हरकत हातात आली की पोलीस ठाणे आणि वाहतूक शाखा. मांडव असेल तर अग्निशमन, तात्पुरती वीज हवी असेल तर वीज कंपनी. शेवटी चलन भरून परवानापत्र. महिनाभर आधी सुरुवात केली तर धावपळ होत नाही. आम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केली आणि शेवटचा शिक्का धनत्रयोदशीला मिळाला. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. क्रमांक नसलेला अर्ज शोधायला कोणतेही कार्यालय बांधील नाही, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

भाडे आणि अनामत यांत गल्लत करू नये. भाडे गेले ते गेले. अनामत परत येते, बाग जशी घेतली तशी दिली तर. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चौकाचे, कारंज्याचे आणि गेटाचे फोटो तारखेसह काढून ठेवले होते.

दिवाळीनंतरच्या सोमवारी उद्यान सहायक पाहणीला आले. चौक झाडलेला, खुर्च्या परत गेलेल्या. ते काहीच न बोलता रंगमंचाच्या मागे गेले आणि वाकले. मांडववाल्याने आम्हाला न सांगता पडद्यासाठी तीन वासे मातीत रोवले होते. वासे काढून नेले, खड्डे राहिले. साहेबांनी पायाने एकात माती लोटली, खोली पाहिली आणि वहीत लिहिले: तीन. मग माळीकाका कुदळ घेऊन आले, म्हणाले, "एवढ्यासाठी काय कापता साहेब, बुजवतो मी." साहेबांनी वही मिटली नाही, पण तीनाच्या पुढे काही लिहिलेही नाही. अनामतीचा धनादेश फेब्रुवारीत आला, पूर्ण रकमेचा.